निकमांचे पेढे

डॉक्टर तांबोळींना त्या दिवशी खुर्चीत धड बसवत नव्हतं. एरवी बाई मोठ्या मोजून-मापून बोलणाऱ्या. "केतकीताई, तुमच्या दोन्ही किडन्या थकल्यात, वर्षभरात डायलिसिस लागेल," हे त्यांनी उन्हाळ्यात इतक्या शांतपणे सांगितलं होतं की केतकीला आधी वाटलं, दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतायत. आणि आज त्याच बाई टेबलाला वळसा घालून आल्या, तिचे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, "अहो, औषध तयार आहे! तुमच्या रेवाचं औषध तयार आहे!"

केतकीला काही उमगेना. मागच्या भेटीत याच डॉक्टरांनी सांगितलं होतं की केतकीच्या लेकीचं, रेवाचं, औषध बनवायलाच तीन वर्षं लागतील, आणि रेवाच्या हातात आहे जेमतेम एक वर्ष.

आता हे नीट सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आपल्या प्रत्येक पेशीत एक पोथी असते, तीन अब्ज अक्षरांची. शरीर कसं बांधायचं, कसं चालवायचं, ते सगळं त्या पोथीत. किडनीतल्या बारीक नळ्या कशा धरून ठेवायच्या याचंही त्यात एक प्रकरण आहे. केतकीच्या पोथीत नेमकं त्या प्रकरणात एक अक्षर चुकलेलं. एकच! तेवढ्यानं नळ्या जागोजाग फुगतात, त्यांचे पाण्याचे फोड होतात, आणि चाळिशीपर्यंत किडनी म्हणजे द्राक्षाचा घड होऊन बसते. फोड वाढत जातात, कामाची किडनी चेपत जाते. हे चुकलेलं अक्षर आईकडून किंवा वडिलांकडून येतं, आणि पुढच्या प्रत्येक मुलात जाण्याची शक्यता निम्मी-निम्मी. छापा की काटा.

गेल्या काही वर्षांत मात्र ते अक्षरच दुरुस्त करायची विद्या हाती आली होती. चरबीच्या एका अतिसूक्ष्म थेंबात दुरुस्ती करणारा कारागीर भरायचा, त्याच्या हाती चुकलेल्या अक्षराचा पत्ता द्यायचा आणि रक्तातून किडनीत सोडायचा. तो पत्त्यावर जातो, अक्षर सुधारतो. नवे फोड येणं थांबतं. जुने मात्र तो जिरवू शकत नाही, म्हणून हे सगळं वेळेत व्हायला हवं. केतकीची वेळ कधीच निघून गेली होती. सतरा वर्षांच्या रेवाच्या किडनीत फोड नुकते धरू लागले होते.

अडचण एवढीच, की प्रत्येक घराण्याची चूक वेगळ्या जागी. घराणं बदललं की पत्ता बदलला, आणि नव्या पत्त्याचं औषध म्हणजे नव्यानं बनवा, पारखा, परवानगी घ्या.

"आणि तुमचा पत्ता कुणीतरी आधीच शोधून ठेवलाय!" तांबोळी बाई म्हणाल्या. "तेच अक्षर, तीच जागा. अठरा वर्षांपूर्वी एका माणसाला हे औषध दिलंय, प्रयोगाच्या काळात. अजून ठणठणीत आहे तो. त्यानं संमती दिली, स्वतःची ओळख उघड केली, की त्याच्या इतक्या वर्षांच्या तब्येतीच्या जोरावर मला रेवाला पुढच्याच महिन्यात औषध देता येईल. जगाच्या नोंदीत ही चूक फक्त एकाच घराण्यात आहे. म्हणजे तुमचाच कुणीतरी. आठवा बघू. आईकडचं कुणी? मामा, मावशी, मावसभाऊ?"

"आईला भावंडं नव्हती," केतकी म्हणाली.

"मग आईच्या पोटची..." डॉक्टर बोलता बोलता थांबल्या. त्यांनी केतकीचे हात सोडले आणि परत टेबलापलीकडे जाऊन बसल्या. "नाव मला दिसत नाही, केतकीताई. आणि दिसलं असतं तरी सांगता आलं नसतं."

सांगायची गरजही नव्हती. आईच्या पोटची दोनच. एक केतकी, दुसरा तिचा धाकटा भाऊ रणजित.

केतकी उठून उभी राहिली, पुन्हा बसली. "पण आम्ही दोघं साफ आहोत," ती म्हणाली. हे वाक्य ती गेली अठरा वर्षं प्रत्येक डॉक्टरला सांगत आली होती. रेवाच्या वेळी गरोदरपणात रक्तदाब चढला, तेव्हा डॉक्टरांनी घरच्या आजारांची चौकशी केली होती. ही ऐटीत म्हणाली, आई किडनीनं गेली, पण आम्ही भावंडं तपासून घेतलंय, साफ आहोत. कंबर दुखायची, तेव्हाही हेच. ती पोहण्याची कोच, दिवसभर तलावाच्या काठावर उभी. दुखणारच कंबर, असं तिचं तीच म्हणायची. उन्हाळ्यात लघवीतून रक्त गेलं तेव्हा कुठे हे तांबोळी बाईंपर्यंत आलं. त्यांनी सोनोग्राफी केली, फोड दिसले, आणि त्या "साफ"चं काय ते कळलं. तरी केतकी आपली म्हणत राहिली, तेव्हाच्या तपासण्या कच्च्या असतील हो, चुकलं असेल काहीतरी. लॅबवर ढकललं तिनं सगळं. घरच्या माणसावर संशय घ्यायचं तिच्या मनातही आलं नव्हतं.

"आणखी एक सांगून ठेवते," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. "दुरुस्ती फक्त किडनीत होते. बीजात नाही, तिथं हात लावायला कायद्यानंच बंदी आहे. म्हणजे तो माणूस स्वतः वाचला तरी त्याच्या मुलात हे जाऊ शकतं. म्हणून संमती दिली की त्याच्या बायकोला कळवणं सक्तीचं आहे. काही लोक तिथंच अडतात."

केतकी गाडीत येऊन बसली. गाडीनं नेहमीसारखं कुठे जायचं विचारलं. रविवारी साताऱ्याला रणजितच्या बाळाचं बारसं होतं, आणि नाव ठेवायचा मान तिचा होता. आत्या होती ना ती.

*

आई गेली त्या वर्षीची गोष्ट. दोघा भावंडांनी लाळेचा नमुना दिला होता. केतकी तेव्हा चोवीस वर्षांची, बालेवाडीला शिबिरात होती, लग्नही ठरलेलं. निकाल आणायला आप्पा गेले. निकमांच्या घरात रीतच तशी. शाळेचा निकाल असो, रक्ताचा असो, की जमिनीचा, आणायला कर्ता माणूस जायचा आणि घरी येऊन सगळ्यांना सांगायचा. तेव्हा दवाखान्यांचे नियमही सैल होते, वडील म्हटलं की हातात द्यायचे. आप्पा म्हणजे सुहासराव निकम, मोजणी खात्यात आयुष्य काढलेला माणूस. भावाभावांच्या वाटण्या त्यांनी जागेवर उभं राहून लावून दिलेल्या, आणि त्यांनी रोवलेला दगड पुन्हा कुणी हलवला नाही असं तालुक्यात म्हणायचे. ते दवाखान्यातून परतले ते कंदी पेढ्यांचे खोके घेऊनच. दोन्ही पोरं साफ आहेत म्हणून अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. नात्यागोत्यात महिनाभर तीच चर्चा. पुढे रणजितचं लग्न ठरायच्या वेळी फलटणच्या लोकांनी जनुकांची पत्रिका मागितलीसुद्धा नाही. आता लग्नाआधी सगळेच मागतात, पण ते म्हणाले, निकमांचे पेढे आम्हीपण खाल्लेत की!

आणि त्याच वर्षी रणजित ड्रोनच्या मोजणीचं ट्रेनिंग म्हणून सहा महिने हैदराबादला गेला होता. केतकीनं स्वतःच्या लग्नाच्या धावपळीत त्याला डिंकाचे लाडू करून पाठवले होते. लग्नाला आला तो सुकून गेलेला. तिकडचं पाणी मानवलं नाही म्हणाला. हिनं त्याच्या गालावरून हात फिरवला होता आणि मांडवातसुद्धा त्याला आग्रह कर-करून वाढलं होतं.

त्या रात्री तिनं नवऱ्याला, अभयला, सगळं सांगितलं. तो भडकला. "मी येतो रविवारी. बघतोच एकेकाला."

"नको," ती म्हणाली. "माझं माहेर आहे. माझं मी बघते."

*

बारशाच्या सकाळी ती रेवाला घेऊन साताऱ्याला पोचली. रणजितच्या बायकोचं, आरोहीचं, पहिलं बाळंतपण माहेरी फलटणला झालं होतं, पण बारसं आप्पांनी हट्टानं आपल्याकडे ठेवलं होतं. रणजितला इतक्या उशिरा, चाळिशीच्या उंबऱ्यावर मुलगा झालेला. आप्पांचे पाय जमिनीवर नव्हते. दिवाणखान्यात पाळणा सजला होता आणि आप्पा दारावरचं तोरण टेपनं मोजून मधोमध लावून घेत होते. सवय जाते थोडीच!

"आल्या का आत्याबाई!" ते मोठ्यानं म्हणाले. "रेवा, आत जा, मामी वाट बघतीये."

रेवा आत गेली. केतकी तिथंच उभी राहिली. "आप्पा, रणजित हैदराबादला कशाला गेला होता?"

"ऑं? आज कुठून काढलंस हे? ट्रेनिंगला."

"कसलं?"

"ड्रोनचं. तुला काय ठाऊक नाही का?"

"मी डॉक्टरांशी बोलून आलीये, आप्पा."

आप्पांच्या हातातली टेप सुटली आणि सर्रकन आपल्या डबीत जाऊन बसली. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून. लेकीच्या तोंडाकडे नंतर पाहिलं. केतकीला तेवढंच पुरलं.

"वर चल," ते म्हणाले. जिन्यातून त्यांनी रणजितला हाक मारली.

वरच्या खोलीत दार लावून घेतल्यावर आप्पा खाटेवर बसले. रणजित दाराला पाठ लावून उभा राहिला. नवा कुर्ता, कपाळाला गंध. त्याला काही विचारावंही लागलं नाही, तिघं एका खोलीत आल्यावरच त्याला कळलं असणार.

"दोघांनाही होतं?" केतकीनं विचारलं.

"होतं," आप्पा म्हणाले.

"आणि औषध एकालाच मिळणार होतं?"

आप्पांनी खाटेवरची चादर सारखी केली. मग रणजितच जमिनीकडे बघत म्हणाला, "दोघांनाही देणार होते, ताई."

केतकीला वाटलं होतं, निदान तेवढं तरी कारण असेल. एकच जागा होती, एकच औषध होतं, बापानं काळजावर दगड ठेवून एकाला निवडलं. तसलं काहीतरी ऐकायची तयारी करून ती घाटापासून इथवर आली होती. तेही नव्हतं म्हणजे! तिनं खुर्चीची पाठ धरली.

"मग मला का नाही? आप्पा, मी विचारतीये. मला का नाही?"

"तुझं लग्न तोंडावर आलं होतं, केतू." आप्पांचा आवाज समजुतीचा होता, बांधावरची भांडणं मिटवताना लावत असत तसा. "पत्रिका वाटून झालेल्या. डॉक्टर म्हणाले, सहा महिने दवाखान्यात ये-जा करावी लागेल आणि पुढं तीन-चार वर्षं मूल होऊ द्यायचं नाही. कुठल्या सासरच्यांनी ऐकून घेतलं असतं? आईविना पोर तू. एकदा मोडलेलं लग्न परत जुळवायला मी कुठं कुठं फिरलो असतो?"

"मला विचारायचं होतं!"

"विचारलं असतं तर तू मोडलंच असतंस. तुझा स्वभाव मला माहीत नाही होय?"

"मोडलं असतं तर मोडलं असतं! हातीपायी धड तर राहिले असते! अभयला मी सांगितलं असतं तर तो थांबला असता. नसता थांबला तर गेला असता खड्ड्यात. ते मी बघितलं असतं, आप्पा. ते माझं होतं!"

"मला वाटलं, तुला त्रास होईपर्यंत एखादी साधी गोळी निघेल. विज्ञान काय थांबतंय का? आणि हा घरात राहणारा, घर चालवणारा. तू दिल्या घरी..." ते थांबले. पुढचं वाक्य त्यांना स्वतःलाच ऐकवेना बहुतेक.

केतकी रणजितकडे वळली. "आणि तू?"

"मी विचारलं होतं आप्पांना. ताईचं काय, म्हणून."

"मग?"

"ते म्हणाले, मी बघतो."

"आणि ते बघतील म्हणून तू अठरा वर्षं गप्प बसलास?" तिचा आवाज चिरकला. "दर भाऊबीजेला समोर पाटावर बसून ओवाळून घेतलंस रे माझ्याकडून! माझे पाय सुजायला लागले, तर मला म्हणालास, ताई, मीठ कमी खा. मीठ कमी खा म्हणालास, रणज्या!"

रणजितनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"माझं जाऊ दे," केतकी म्हणाली. "माझी वेळ गेली. रेवाला आहे."

हे त्या दोघांनाही ठाऊक नव्हतं. आप्पा खाटेवर होते तिथंच खचले. क्षणभर केतकीला त्यांची दयाही आली, सवयीनं. मग तिनं सगळं सांगितलं: औषध तयार आहे, एक वर्ष आहे हातात, रणजितची संमती हवी. आणि संमती दिली की आरोहीला कळणार, तेही सांगितलं.

रणजितनं हात खाली घेतले. "देतो," असं त्याचे ओठ म्हणाले, पण आवाज निघायच्या आत आप्पा बोलले.

"घाई नको. दुसरा काही मार्ग निघतो का बघू. मुंबईत ओळखी आहेत माझ्या. आरोहीच्या घरची माणसं तापट, ती पोरीला बाळासकट घेऊन जातील. त्यांना आपण साफ म्हणून सांगितलंय."

"आणि ते बाळ?" केतकीनं विचारलं. "त्याला असेल तर?"

"त्याला अजून पुष्कळ वेळ आहे गं, ताई," रणजित म्हणाला. "त्याचं बघू आपण."

केतकी त्याच्याकडे बघत राहिली. हे वाक्य या घरात तिच्याबद्दलही असंच, याच सुरात बोललं गेलं असणार. कदाचित याच खोलीत.

"संमती कधी देतोस?"

"देतो ना. बारसं होऊ दे. मग आरोहीला कलाकलानं..." त्यानं आप्पांकडे पाहिलं.

"बारसं होऊ दे," आप्पा म्हणाले. "चारचौघांत तमाशा नको, केतू. तू शहाणी आहेस."

शहाणी! आयुष्यभर तिला हाच शब्द देऊन गप्प बसवलेलं. "बरं," ती म्हणाली आणि जिना उतरून खाली आली.

*

खाली घर बायकांनी भरून गेलं होतं. घुगऱ्यांचा वास सुटलेला. आरोही हिरवी साडी नेसून पाळण्यापाशी बसली होती. बाळंतपणानं चेहरा गोल झालेला, डोळे झोपेला आसुसलेले, पण खुशीत होती पोरगी. केतकीला तिनं जवळ ओढून बसवून घेतलं.

"ताई, बघा ना, नाक तुमचंच उचललंय की नाही? आणि तब्येत बघा कशी आहे! अफू दिल्यासारखा झोपतो." ती हसली. "बाबा म्हणत होते, कसली काळजी करतेस, निकमांकडचा आहे. निकमांकडे सगळं साफ. ते पेढे अजून विसरले नाहीत बाबा!"

केतकीनं बाळाकडे पाहिलं. कुंची बांधलेलं एवढंसं डोकं, मुठी आवळलेल्या. तिच्या आईला पहिल्यांदा दुखायला लागलं तेव्हा तीही अशीच मुठी आवळायची. या पोराच्या पोथीत ते अक्षर असेल किंवा नसेल, आणि ज्यांना विचारायला हवं ते दोघं भिंतीशी पाहुण्यांना पाणी विचारत उभे होते. केतकी ठरवून आली होती की आजचा दिवस काढायचा, उद्या रणजितला गाठायचं. उद्या नाहीतर परवा.

तेवढ्यात आप्पा गर्दीतून वाट काढत आले. त्यांच्या हातात कंदी पेढ्यांचा मोठा खोका होता. चेहरा पार सारखा केलेला, जणू वर काही झालंच नव्हतं. त्यांनी तो खोका केतकीच्या हातात दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "नाव ठेवून झालं की पेढे आत्यानं वाटायचे बरं का!"

खोका जड होता. केतकीनं तो हळूच पाळण्याखाली सरकवून ठेवला. उद्याचं आणि परवाचं तिनं त्याच वेळी मनातून काढून टाकलं.

"चला, आत्याबाई, कानात सांगा!" आरोहीची आई म्हणाली. बायका धपाटे घालायला पदर खोचून केतकीच्या मागं सरसावल्या. कुणीतरी पाळण्याची दोरी हलवली. केतकी पाळण्यावर वाकली, बाळाच्या दुधाच्या वासात तिनं एकदा खोल श्वास घेतला. मग तोंड वळवलं आणि आरोहीच्या कानाशी नेलं.

"आरोही, नीट ऐक. आईचा आजार आम्हा दोघांनाही आहे. रणजितनं हैदराबादला गुपचूप औषध घेतलंय. ते पेढे खोटे होते. बाळाला असू शकतं. त्याची तपासणी करून घे, वेळेत कळलं तर त्याला काहीही होणार नाही. माझ्या रेवाला आहे, आणि तिच्या औषधाला रणजितची संमती हवी."

हे सगळं ती बोलत असताना मागून बायकांचे धपाटे पडत होते, कुर्र-र-र चाललं होतं, हसणं-खिदळणं चाललं होतं. त्यांना वाटलं, आत्या आधी आईलाच नाव सांगतीये. कुणी म्हणालं, "अहो, एवढं लांबलचक नाव!" आणि घर खदाखदा हसलं.

आरोही हसली नाही. तिनं मान वर केली, केतकीच्या डोळ्यांत पाहिलं. मग भिंतीकडे पाहिलं.

"रणजित," ती म्हणाली. "हैदराबादला तुम्ही कशासाठी गेला होतात?"

घरातलं हसू एकेक करत थांबलं. रणजितनं तोंड उघडलं आणि आधी आप्पांकडे पाहिलं. एवढंच केलं त्यानं. पण आरोही त्याच्याबरोबर संसार केलेली बाई, तिला उत्तर मिळालं. तिनं वाकून पाळण्यातून बाळ उचललं आणि छातीशी धरलं.

"काय गं? काय झालं?" तिची आई विचारत होती.

"केतू," आप्पा म्हणाले, "तू हे..."

"मी शहाणी आहे, आप्पा," केतकी म्हणाली. रेवा कोपऱ्यात घुगऱ्यांची वाटी घेऊन उभी होती. केतकीनं तिचा हात धरला आणि दोघी बाहेर पडल्या.

*

गाडी सातारा सोडून महामार्गाला लागली. केतकीनं लेकीला सगळं सांगितलं. ते पेढे, ते हैदराबाद, वरच्या खोलीतलं बोलणं. काही राखून ठेवलं नाही. या घरात राखून ठेवणं आता बास झालं, असं तिला वाटलं. रेवा ऐकत होती, मधेच "आजोबा?" एवढंच म्हणाली.

खंबाटकीच्या अलीकडे आरोहीचा फोन आला. आवाज रडून बसलेला.

"ताई, रणजितनं संमती दिलीये. माझ्यासमोर अंगठा उमटवला. तुमच्या डॉक्टरांना पोचली असेल." ती थांबली. मागं बाळ रडत होतं, गाडीचा आवाजही येत होता. "मी फलटणला चाललीये. पुढचं मला काही माहीत नाही."

"आरोही, मला..."

"नाही, ऐका. नाव राहिलंय त्याचं. तपासणी होऊन काय ते कळलं की तुम्हीच या ठेवायला. माझ्या माहेरी या." फोन बंद झाला.

केतकीनं डोळे पुसले. रेवा वाचणार होती. तेवढं एक खरं होतं, आणि ते पुरेसं आहे असं ती स्वतःला सांगत होती. आप्पांचा फोन आला नव्हता. येईल असं तिला मनातून वाटत होतं, आणि वाटतंय याचाच राग येत होता.

"आई, हे काय ठेवलंय इथं?" रेवानं मागच्या सीटवरून खोका उचलला. कंदी पेढे. निघायच्या गडबडीत कुणीतरी गाडीत आणून ठेवला असावा. त्यावर बांधलेल्या दोऱ्याची गाठ मधोमध, दोन्ही टोकं अगदी सारखी. असा दोरा त्या घरात एकच माणूस बांधायचा.

रेवाला भूक लागली होती, घुगऱ्या अर्ध्याच टाकून आलेली पोर. तिनं गाठ सोडली, झाकण उघडलं आणि आईकडे पाहिलं. "एक घेऊ?"

केतकी बाहेर बघत होती.

"त्या दिवशी पहिला पेढा त्यांनी माझ्या तोंडात घातला होता," ती म्हणाली. "गल्लीत जायच्या आधी. स्वतःच्या हातानं. डोळे भरून आले होते त्यांचे. मी म्हटलं, आप्पा, रडताय काय, साफ आहे ना मी! तर म्हणाले, आनंदानं गं, बाळा, आनंदानं."

रेवानं खोक्याचं झाकण लावलं.